शास्त्रीय संगीताच्या जुन्या रेकॉर्ड फुकट आणि रीतसर कशा मिळवाव्यात

अब्दुल करीम खाँसाहेब, फैयाज खाँ, रामकृष्णबुवा वझे, केसरबाई केरकर, हिराबाई बडोदेकर, सुंदराबाई जाधव, द. वि. पलुस्कर यांच्या ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांनी वाजणाऱ्या) रेकॉर्डचा मोठा भाग आज इंटरनेटवर आहे. त्यातला बराचसा एक पैसाही न देता आणि कुणाचा हक्क न बुडवता आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेता येतो. तरी बहुतेक रसिक यूट्यूबवरच थांबतात. ऐकायला ती जागा उत्तम आहे. पण आज वाजणारी चीज काही दिवसांनी चॅनेलसकट नाहीशी होते. शिवाय वर्णनात रेकॉर्ड कोणत्या कंपनीची, कधीची, याचा पत्ता नसतो. रागाचे नाव चुकलेले असते, आणि कधी कधी चित्रात दिसणारा गायक एक आणि गाणारा दुसराच असतो.

गाणे मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. जे मिळाले ते नेमके काय आहे हे ओळखणे, ते घ्यायला आपण मोकळे आहोत का हे तपासणे आणि त्याची नीट नोंद ठेवणे, मेहनत इथे आहे. हा लेख हिंदुस्थानी संगीतापुरता आहे, आणि भर जुन्या रेकॉर्डवर आहे, कारण मोकळेपणाने घेण्यासारखे सर्वांत मोठे धन तिथेच आहे.

आधी साठ वर्षांचा हिशेब

डाउनलोडचे बटण दाबण्याआधी एक साधा हिशेब पक्का करून घ्या. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार ध्वनिमुद्रणाला ६० वर्षांचे संरक्षण मिळते, आणि ही वर्षे मोजायची ती रेकॉर्ड प्रसिद्ध झाली त्याच्या पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपासून. म्हणजे १९६५ साली बाजारात आलेल्या रेकॉर्डचे संरक्षण ३१ डिसेंबर २०२५ ला संपले. २०२६ मध्ये १९६५ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या सगळ्या रेकॉर्ड मोकळ्या झाल्या. दर १ जानेवारीला ही रेघ एक वर्ष पुढे सरकते. ७८ गतीच्या जवळजवळ सगळ्या रेकॉर्ड आणि सुरुवातीच्या काही एलपी (लाँग प्ले तबकड्या) या रेघेच्या अलीकडे येतात.

लोक इथे हमखास चुकतात, कारण ते गाणे कधी गायले ते साल मोजतात. कायदा प्रसिद्धीचे साल पाहतो. समजा आकाशवाणीवर १९५५ मध्ये झालेले एखादे गायन कंपनीने पहिल्यांदा १९९५ मध्ये सीडीवर काढले. गायन जुने, पण त्या ध्वनिमुद्रणाची मुदत १९९५ पासून धरायची, म्हणजे २०५५ अखेरपर्यंत. नव्वदच्या दशकात अशा ‘आर्काइव्ह’ मालिका पुष्कळ निघाल्या. त्यांतले गायन पन्नाशीतले आहे म्हणून ते मोकळे आहे असे समजू नका.

खासगी मैफलींच्या टेपचेही तसेच. गवयाच्या घरी, कुणा शौकिनाच्या दिवाणखान्यात किंवा एखाद्या म्युझिक सर्कलमध्ये स्पूलवर उतरवलेली गाणी आज फाइल होऊन हातोहात फिरतात. ती कधी रीतसर प्रसिद्धच झालेली नसतात, त्यामुळे साठ वर्षांचे घड्याळ त्यांच्यापुरते सुरूही झालेले नसते. माझे मत स्पष्ट आहे: अशी टेप कुणी प्रेमाने ऐकवली तर ऐकावी, पण गायकाच्या वारसांना किंवा शिष्यपरिवाराला विचारल्याशिवाय ती पुढे पसरवू नये. मैफलीत गवई जितक्या मोकळेपणाने गातो, तितक्याच विश्वासाने तो ते समोरच्या चार माणसांसाठी गात असतो.

नाट्यसंगीत उतरवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. रेकॉर्ड मोकळी झाली तरी आतले पद आणि त्याची चाल यांचे हक्क वेगळे असतात. ते कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतात. १९११ च्या ‘मानापमान’चे उदाहरण घ्या. पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची. ते १९४८ मध्ये गेले, म्हणून पदे २००९ पासून मोकळी. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ते १९५५ मध्ये गेले, म्हणून त्या २०१६ पासून मोकळ्या. याउलट गायक-संगीतकार मास्तर कृष्णराव १९७४ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या स्वतंत्र चालींना २०३४ अखेरपर्यंत संरक्षण आहे. घरी ऐकणाऱ्याला याचा काच नाही, पण ते गाणे आपल्या व्हिडिओखाली लावायचे असेल तर हा हिशेब करावाच लागतो. परंपरेने आलेल्या ख्यालाच्या बंदिशींना हा प्रश्नच येत नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींनी राहत्या देशाच्या मुदती पाहाव्यात. अमेरिकेत त्या आपल्यापेक्षा बऱ्याच लांब आहेत.

आर्काइव्ह डॉट ऑर्गवर शोध कसा घ्यावा

पहिले आणि सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली ही ना-नफा संस्था आहे. पत्ता आर्काइव्ह डॉट ऑर्ग. उतरवून घ्यायला खाते उघडावे लागत नाही. तरी उघडलेले बरे, कारण मग आवडलेल्या गोष्टी ‘फेव्हरिट’मध्ये टाकून ठेवता येतात.

शोधाच्या चौकटीत नाव टाका, आणि निकाल आले की बाजूच्या गाळण्यांमधून ‘ऑडिओ’ निवडा. तिथेच वर्ष, भाषा, संग्रह आणि ‘क्रिएटर’ यांनुसारही निवड करता येते. बहुतेक भारतीय रेकॉर्ड ‘कम्युनिटी ऑडिओ’ या भागात असतात, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या संग्राहकांनी चढवलेल्या. काही ‘७८ आरपीएम्स अँड सिलिंडर रेकॉर्डिंग्ज’ या संग्रहात आहेत.

आता कळीचा भाग, स्पेलिंग. आपली नावे रोमन अक्षरांत लिहायची एकच एक पद्धत कधीच नव्हती. लेबल छापणाऱ्याने कानाला आले तसे लिहिले, आणि चढवणाऱ्याने लेबल पाहून तसेच उतरवले. त्यामुळे एका स्पेलिंगने शोधणाऱ्याला संग्रहाचा छोटासा तुकडाच दिसतो. रागांची नावे पाहा. तोडीच्या शेवटच्या अक्षराला कुठे ‘डी’ असतो, कुठे ‘आर’. बिहागचे ‘बेहाग’ होते, मालकंसाचे ‘मालकौंस’, ‘मालकोस’, ‘मालकोश’. जौनपुरी ही ‘जीवनपुरी’ म्हणूनही सापडते. पिलूत कधी एक ‘आय’ असतो, कधी दोन ‘ई’, आणि शेवटी ‘यू’ किंवा दोन ‘ओ’. भीमपलासीचा शेवटचा ‘आय’ गळून नुसते ‘भीमपलास’ उरते.

माणसांच्या नावांत गोंधळ आणखी. लेबलावर गौहरजान बहुधा ‘मिस गोहर जान, कलकत्ता’ असते. जानकीबाईंच्या नावापुढे ‘ऑफ अलाहाबाद’ असते, जोहराबाईंच्या पुढे ‘ऑफ आग्रा’. पुरुष गायकांच्या नावाआधी ‘प्रोफेसर’, ‘मास्टर’, ‘पंडित’ यांपैकी काहीही असू शकते. केसरबाईंचे नाव जोडूनही शोधा आणि ‘केसर’ व ‘बाई’ असे तोडूनही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर त्यांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ आहे, आणि नासाच्या यादीत त्यांचे नाव ‘सूरश्री केसर बाई केरकर’ असे तोडूनच लिहिले आहे. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या या गायिकेचा आवाज सूर्यमालेबाहेर पोचला, आणि आपल्याला मात्र तो एका मोकळ्या जागेपायी सापडू नये, हे बरे नव्हे.

यावर उपाय तारांकनाचा (*). नावाची पहिली चार-पाच अक्षरे लिहून पुढे तारांकन टाका. उरलेले स्पेलिंग काहीही असले तरी निकालात येईल. ‘अॅडव्हान्स्ड सर्च’मध्ये टायटल, क्रिएटर, वर्णन अशा वेगळ्या चौकटी आहेत. गायकाचे नाव क्रिएटरमध्ये सापडले नाही तर वर्णनात शोधा, कारण चढवणाऱ्यांपैकी अनेकजण क्रिएटरची चौकट रिकामी ठेवतात किंवा तिथे स्वतःचेच नाव टाकतात. देवनागरीतूनही एकदा शोधाच, काही संग्राहक शीर्षक देवनागरीत देतात. बंदिशीचे तोंड माहीत असेल तर तेही टाकून पाहा. ‘जमुना के तीर’ किंवा ‘पिया बिन नाही आवत चैन’ असे शोधले की गायकाच्या नावाचे स्पेलिंग कसेही असो, अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी आणि झिंझोटी निकालात येऊ शकते.

एक युक्ति सगळ्यांत कामाची आहे. चांगली, नीट नोंद असलेली एखादी रेकॉर्ड सापडली की ती चढवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारा. जो माणूस एका रेकॉर्डचे लेबल, क्रमांक आणि साल काळजीने लिहितो, तो बाकीच्याही तसेच लिहितो. असे पाच-सहा संग्राहक सापडले की शोधाचे काम निम्म्यावर येते.

पान वाचा, मग उतरवा

रेकॉर्डचे पान उघडले की थेट वाजवायला घेऊ नका, खालचे वर्णन आधी वाचा. लेबलचे नाव आहे का? क्रमांक आहे का? एचएमव्हीच्या तबकड्यांवर ‘पी’ किंवा ‘एन’ असे अक्षर आणि पुढे आकडे असतात, कोलंबियाच्या तबकड्यांवर ‘जीई’. लेबलचा फोटो जोडलेला असेल तर तो मोठा करून पाहा. चढवणाऱ्याने लिहिलेल्या मजकुरापेक्षा लेबल जास्त विश्वासाचे. साल दिलेले असेल तर ते रेकॉर्डचे आहे की फाइल चढवल्याचे, याकडे लक्ष द्या. या दोन्हींत नेहमी गल्लत होते.

आणखी एक पारख आहे. इंटरनेट आर्काइव्हवर आहे म्हणजे मोकळे आहे, असे नाही. तिथे कुणीही काहीही चढवू शकतो, आणि अलीकडच्या सीडी, कंपन्यांच्या एलपी, अगदी हयात कलाकारांचे अल्बमही लोक टाकतात. साठ वर्षांचा हिशेब आपला आपणच करायचा. पानावर फक्त तीस सेकंदांचा नमुना वाजत असेल तर ती व्यापारी आवृत्ती आहे, ती सोडून द्या.

आता प्रत्यक्ष उतरवणे. कॉम्प्युटरवर पानाच्या उजव्या बाजूला, फोनवर खाली सरकवल्यावर, ‘डाउनलोड ऑप्शन्स’ असा भाग दिसतो. तिथे फॉरमॅटची नावे ओळीने असतात: व्हीबीआर एमपी३, ऑग व्हॉर्बिस, फ्लॅक, टोरेंट. नावावर टिचकी मारली की त्या प्रकारच्या फाइलींची यादी उघडते. हव्या त्या फाइलवर कॉम्प्युटरवर उजवी टिचकी मारून ‘सेव्ह’ करा, फोनवर बोट दाबून धरा. सगळ्या फाइली एकदम हव्या असतील तर झिपचा पर्याय असतो, पण तीसचाळीस तबकड्यांचा संग्रह असेल तर झिप मध्येच तुटण्याचा धोका असतो. तेव्हा टोरेंट (फाइल तुकड्यातुकड्यांनी उतरवण्याची पद्धत) बरा, जिथे तुटले तिथून पुढे चालू होतो.

यादीच्या शेवटी ‘शो ऑल’ आहे, तिथे एकदा जरूर जा. चढवणाऱ्याने दिलेली मूळ फाइल आणि संस्थेच्या यंत्रणेने तिच्यापासून आपोआप बनवलेल्या प्रती, दोन्ही तिथे दिसतात. जपून ठेवायला नेहमी मूळ फाइल घ्यावी. लेबलचे फोटोही बहुधा तिथेच असतात, तेही बरोबर उतरवा.

इंटरनेट आर्काइव्हच्याच ‘ग्रेट ७८ प्रोजेक्ट’ या जुन्या तबकड्यांच्या प्रकल्पातली रेकॉर्ड लागली तर एकाच बाजूच्या अनेक आवृत्त्या पाहून गोंधळू नका. त्या प्रकल्पात एकच तबकडी वेगवेगळ्या जाडीच्या चार सुयांनी वाजवून उतरवली जाते, कारण खाच कुठे किती झिजली आहे त्यावर कोणत्या सुईला आवाज स्वच्छ मिळेल हे ठरते. ध्वनितज्ज्ञाने पसंत केलेली आवृत्ती कोणती, हे वर्णनात लिहिलेले असते. ती घ्या, आणि वेळ असेल तर दुसरी एखादी लावून फरक ऐका. कान तयार व्हायला हे फार चांगले.

आणखी कुठे पाहावे

विकिमीडिया कॉमन्सवर संख्या कमी, पण प्रत्येक फाइलखाली ती मोकळी का आहे हे लिहिलेले असते. ज्यांना शाळेच्या प्रकल्पात किंवा व्याख्यानात गाणे वापरायचे आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

आजच्या कलाकारांचे, चांगल्या प्रतीचे आणि तरीही मोकळे संगीत हवे असेल तर एका ठिकाणाकडे आपल्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात ‘कॉम्पम्युझिक’ नावाचा संशोधन प्रकल्प झाला. त्यातून ‘सरागा’ हा ध्वनिसंग्रह तयार झाला. त्यात हिंदुस्थानी संगीताची शंभरहून अधिक ध्वनिमुद्रणे आहेत, आणि झेनोडो या संशोधन-साठ्यावरून तो झिप फाइलीच्या रूपात उतरवता येतो. संशोधनासाठी बनवल्यामुळे राग, ताल, गायकाचा षड्ज (सा) आणि लय यांची टिपणेही सोबत मिळतात. गाणे शिकणाऱ्याला ही टिपणे गाण्याइतकीच मोलाची. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे. त्याच्या अटी अशा: श्रेय द्यायचे, पैसे कमावायला वापरायचे नाही, आणि त्यावर आधारित काही केलेत तर तेही याच अटींवर खुले ठेवायचे.

मुंबईच्या संदर्भात ‘यंग इंडिया’ लेबलाचा उल्लेख हवाच. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचे हे देशी लेबल १९३५ ते १९५५ या काळात चालले. मोठ्या कंपन्यांनी न घेतलेल्या कितीतरी गायक-वादकांना त्याने जागा दिली. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मुंबईच्या संस्थेचे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ज प्रोग्रॅम’मधून या रेकॉर्डच्या डिजिटल प्रती करण्याचे काम केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर मोठा सायबर हल्ला झाला आणि तिच्या अनेक ऑनलाइन सेवा दीर्घकाळ बंद पडल्या. म्हणून एखादे पान उघडले नाही तर नाद सोडू नका, काही काळाने पुन्हा पाहा.

काही ठिकाणे उतरवण्याची नाहीत, पण शोध घेताना त्यांच्याशिवाय भागत नाही. विक्रम संपत यांनी उभारलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’मध्ये ग्रामोफोन काळातल्या गायिकांचा मोठा संग्रह ऐकायला मिळतो. मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर यांच्या संकेतस्थळावर रागांवरचे लेख आहेत, आणि प्रत्येक मुद्द्याला जोडून ध्वनितुकडे. एखाद्या फाइलीवर लिहिलेला राग बरोबर आहे का, याची शंका आली की मी तिथे जातो. संगीत नाटक अकादमी आणि प्रसार भारती यांची यूट्यूब चॅनेल आहेत. आकाशवाणीची ‘रागम’ ही पूर्णवेळ शास्त्रीय संगीताची वाहिनी २६ जानेवारी २०१६ पासून सुरू आहे, ती न्यूजऑनएअर अॅपवर लागते.

यूट्यूबचा दुवा टाका आणि एमपी३ घ्या, अशा ज्या साइट असतात त्यांच्यापासून दूर राहा. एक तर यूट्यूबच्या नियमांना ते धरून नाही. दुसरे, अशा साइटवरची डाउनलोडसारखी दिसणारी बटणे बऱ्याचदा भलतेच काही कॉम्प्युटरमध्ये घुसवतात. आणि तिसरे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: तिथून आवाज दोनदा दाबून येतो, तानपुऱ्याचे बारीक नाद हरवतात. आजच्या कलाकाराचे गाणे आवडले तर बँडकॅम्प या, कलाकार स्वतः संगीत विकतात त्या साइटवर त्याचे पान आहे का ते पाहा. काही कलाकार तिथे आपणहून फुकट किंवा ‘द्याल ते’ या तत्त्वावर देतात. तिथे शंभर-दोनशे रुपये जरूर द्यावेत.

फ्लॅक की एमपी३

फ्लॅकमध्ये आवाजाची काहीही काटछाट होत नाही, एमपी३ मध्ये होते. जागेचा अंदाज असा: सीडीच्या दर्जाची मूळ वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी घेते, फ्लॅक साधारण त्याच्या निम्मी, ३२० केबीपीएस एमपी३ मिनिटाला २.४ एमबी आणि १२८ केबीपीएस एमपी३ सुमारे १ एमबी. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची असते. म्हणजे शंभर बाजू फ्लॅकमध्ये ठेवल्या तरी दीड-दोन जीबीत मावतात. आजच्या हिशेबाने ही जागा काहीच नाही. तेव्हा संग्रहाला फ्लॅक, फोनवर ऐकायला त्यापासून केलेली एमपी३, असा शिरस्ता ठेवा.

कधी कधी कुणी एमपी३ लाच फ्लॅक करून चढवलेले असते. ते ओळखता येते. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, फाइल उघडा आणि ‘स्पेक्ट्रोग्राम’ दृश्य निवडा. जुन्या तबकडीची खरखर सर्वांत वरच्या कंपनांपर्यंत पसरलेली दिसते. ती १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी थांबली असेल, तर मूळ एमपी३ होते असे खुशाल समजा.

पट्टी आणि खरखर

आपण ‘७८ ची रेकॉर्ड’ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या रेकॉर्ड मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित होत नव्हत्या. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली तर गाणे जवळजवळ एका पट्टीने (पेटीवरच्या एका शेजारच्या सुराने) चढते. पांढरी पाचात गाणारा गवई काळी चारात गातो आहे असे वाटते, आणि तानाही असतात त्यापेक्षा जलद भासतात. गायकाच्या आवाजाबद्दल, लयीबद्दल पक्की मते बनवण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे.

पेटीची साथ असेल तर एक अंदाज घेता येतो. षड्ज दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे पडत असेल तर गतीबद्दल शंका घ्या. हा पुरावा मात्र नव्हे, कारण त्या काळच्या पेट्या आजच्या मापाला जुळतीलच असे नाही. त्याच गायकाच्या त्याच सुमाराच्या चार-पाच रेकॉर्ड एकत्र ऐकल्या की एखादी वेगळी पडलेली लगेच कानाला कळते. ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड अँड पिच’ या परिणामाने गती दुरुस्त करता येते. दुरुस्त प्रत वेगळ्या नावाने ठेवा, मूळ फाइलीला हात लावू नका.

खरखर काढण्याच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. ‘नॉइज रिडक्शन’ जोरात लावले की खरखरीबरोबर सारंगीचा गजही पुसला जातो, आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. १९२५ च्या आसपास मायक्रोफोन येण्याआधी गायक भोंग्यात तोंड घालून गात असत. त्या रेकॉर्डमध्ये आवाजाचा पल्ला आधीच तोकडा, त्यातून आणखी काढण्यासारखे काही नसते. टचटच आवाज कमी करा आणि थांबा. चार-पाच रेकॉर्ड ऐकल्या की कान खरखरीच्या पलीकडे जातो.

रेकॉर्ड संपताना गायक स्वतःचे नाव सांगतो तो भाग कापू नका. १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानच्या रेकॉर्ड केल्या. त्यांच्या शेवटी ती इंग्रजीत आपले नाव सांगते. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या लोकांना कोण गाते आहे ते कळावे म्हणून ही घोषणा असे. शंभर वर्षांनंतर लेबल फाटलेल्या तबकडीवर आपल्यालाही तीच उपयोगी पडते.

नाव आणि टॅग

उतरवलेली फाइल बहुधा काहीतरी अक्षरे-आकडे अशा नावाची असते. ती त्याच दिवशी बदला, पुढे शंभर साचल्या की होत नाही. माझा क्रम असा: गायक, राग, बंदिशीचे तोंड, लेबल आणि क्रमांक, साल. साल पक्के नसेल तर लिहू नका. अंदाजाचे साल एकदा टॅगमध्ये (फाइलीच्या आत साठवलेल्या नोंदीत) गेले की पुढे ते खरे होऊन फिरते, आणि वरचा साठ वर्षांचा हिशेबही त्याने बिघडतो.

टॅग भरायला विंडोजवर एमपी३टॅग, आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर किड३ ही मोफत सॉफ्टवेअर आहेत. ‘आर्टिस्ट’मध्ये गायक, ‘टायटल’मध्ये राग आणि चीज, ‘अल्बम’मध्ये लेबल व क्रमांक. साथीदारांची नावे माहीत असतील तर ‘कॉमेंट’मध्ये लिहा, आणि फाइल कोणत्या पानावरून घेतली तो पत्ताही. टॅग देवनागरीत भरायला काही अडचण नाही, फोनवर सुरेख दिसतात. मात्र काही गाड्यांमधल्या म्युझिक सिस्टिमवर देवनागरीच्या जागी चौकोन येतात. म्हणून फाइलीचे नाव रोमनमध्ये आणि आतले टॅग देवनागरीत, ही विभागणी सोयीची पडते. आणि रोमनमध्ये प्रत्येक रागाचे एकच स्पेलिंग ठरवून एका कागदावर लिहून ठेवा, नाहीतर लेबल छापणाऱ्यांचा गोंधळ आपल्याच फोल्डरमध्ये सुरू होईल.

सगळा संग्रह दोन ठिकाणी ठेवा, त्यातले एक घराबाहेर किंवा क्लाउडवर.

घरातल्या रेकॉर्ड

कोकणातल्या, कोल्हापूर-सांगलीकडच्या, गोव्यातल्या जुन्या घरांत आजही माळ्यावर तबकड्या निघतात. त्यातली एखादी इंटरनेटवर कुठेच नसण्याची शक्यता चांगली आहे. भंगारात देण्याआधी लेबलचे फोटो काढा आणि वर सांगितल्याप्रमाणे शोध घ्या.

लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नका, पृष्ठभाग विरघळतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ फडके, खाचेच्या दिशेने हलका हात, आणि लेबल कोरडे ठेवायचे. वाजवायला ७८ ची गती असलेला टर्नटेबल हवा, आणि सुई ७८ चीच हवी. एलपीची सुई साधारण ०.७ मिल जाडीची, तर ७८ ला सुमारे ३ मिलची लागते. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घसरत राहते आणि नुसती खरखर येते. आवाज कॉम्प्युटरमध्ये घेताना ऑडॅसिटीतली पातळी लाल रेघेला टेकू देऊ नका, आणि फ्लॅकमध्ये साठवा.

रेकॉर्ड साठ वर्षांच्या रेघेअलीकडची असल्याची खात्री झाली की आर्काइव्ह डॉट ऑर्गवर चढवा. खाते उघडून वरच्या ‘अपलोड’वर जा आणि फक्त फ्लॅक व लेबलचे फोटो टाका, एमपी३ त्यांची यंत्रणा बनवते. शीर्षकात गायक आणि राग रोमनमध्येही लिहा आणि देवनागरीतही. वर्णनात लेबलवरचा मजकूर आहे तसा, त्याच स्पेलिंगने उतरवा. ‘सब्जेक्ट’च्या चौकटीत रागाची सगळी प्रचलित स्पेलिंगे द्या. तबकडीच्या लेबलाजवळ लाखेत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक भिंगाने वाचून तोही लिहा. पानाचा पत्ता पहिल्यांदाच विचार करून ठरवा, तो नंतर बदलता येत नाही. राग, साल, साथीदार हे सगळे पुढे केव्हाही दुरुस्त करता येते.